‘कृश-स्थूल’ : एका विरोधाभासाचा इतिहास

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. रोगाला असा नैतिक अर्थ एकदा चिकटला, की रोग्याचा इतिहास पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

१९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका मुलाला प्रथम टोचले गेले. तोवर बालमधुमेही खातपीत असूनही झिजत जात. कारण इन्सुलिन केवळ रक्तातील साखर उतरवत नाही, अन्नाचे शरीरही तेच घडवते. गर्भावस्थेत तर ते वाढीचे एक प्रमुख संप्रेरक असते. आईच्या रक्तातील साखर वार ओलांडून गर्भाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. ते गर्भाला स्वतःच निर्माण करावे लागते.

गर्भातील उपासमार पुढे मधुमेहाच्या रूपाने प्रकटू शकते, असे हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये मांडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-बालकांचा अभ्यास आरंभला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे रोड होती, स्नायूंनी उणी होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुणे व लंडन येथील बाळांच्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनही अधिक आढळले (२००२). याज्ञिकांच्या ‘थिन-फॅट’ या शब्दाला आम्ही ‘कृश-स्थूल’ म्हणतो. साहित्यात विरोधाभास हा अलंकार असतो. येथे ती वस्तुस्थिती आहे.

वाशिममध्ये बसून हे वाचताना आम्हांला १८९९-१९०० चा वऱ्हाडातील दुष्काळ आठवतो. तेव्हाही वाशिम स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. आजच्या एखाद्या रुग्णाची साखर थेट त्या दुष्काळाला जोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु दुष्काळाचा इतिहास केवळ दफ्तरांत शोधायचा नसतो, एवढे या संशोधनाने शिकवले. शेतात राबणाऱ्या सडपातळ बाईला मधुमेह निघाला, तर ‘गोड सोडा’ एवढ्या उपदेशाने भागत नाही. ती पोटात असताना तिच्या आईच्या ताटात काय होते, हेही विचारावे लागते.