कोराल आणि स्वरमेळाचे अध्यापन

जर्मनीतील ल्यूथरपंथीय चर्चमध्ये उपासकसमुदायाने गावयाच्या स्तोत्रास व त्याच्या चालीस ‘कोराल’ म्हणतात. अशा चालींच्या चार आवाजांतील मांडण्या, विशेषतः योहान सेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याच्या, पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणजे स्वरमेळ शिकण्याचे प्रमुख साधन ठरल्या आहेत.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने उपासनेत लोकभाषेतील समूहगायनास महत्त्वाचे स्थान दिले. १५२४ मध्ये योहान वाल्टर याचा अनेक आवाजांसाठी रचलेल्या स्तोत्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात मूळ चाल बहुधा टेनर आवाजात असे. लूकास ओझिआंडर याने १५८६ च्या आपल्या संग्रहात ती सोप्रानो या सर्वांत उंच आवाजाकडे आणली, जेणेकरून समुदायास ती सहज ओळखून गाता यावी. आल्टो, टेनर व बास हे आवाज तिला आधार देऊ लागले.

रागसंगीतात एकच स्वरावली विस्तार पावते. कोरालमध्ये चार स्वरावली एकाच वेळी चालतात. एकत्र उमटणाऱ्या स्वरांचा संघ सुसंगत हवा आणि प्रत्येक आवाजाची वाटचालही स्वतंत्र व गायनसुलभ हवी, असा हा दुहेरी कस असतो. उदा., सा व प गाणारे दोन आवाज एकदम रे व ध वर गेले, तर त्यांतील अंतर तेच राहून त्यांचे वेगळेपण लोपते. म्हणून अशी समांतर पंचमांतरे वर्ज्य मानतात. रचना आटोपशीर असून प्रत्येक ओळीअखेर विराम येत असल्याने हे सारे थोडक्यात अभ्यासता येते.

बाखची अध्यापनपद्धती त्याचा पुत्र कार्ल फिलिप एमानुएल याच्या १७७५ मधील पत्रावरून कळते. बाख प्रथम कोरालचा बास स्वतः लिहून देई व शिष्याने आल्टो आणि टेनर रचावयाचे असत. पुढे बासही शिष्यानेच रचावयाचा असे. कोरड्या नियमांपेक्षा प्रत्यक्ष रचनेवर त्याचा भर होता.

बाखच्या मांडण्यांचा संग्रह किर्नबेर्गर या त्याच्या शिष्याच्या प्रयत्नांमुळे व कार्ल फिलिप एमानुएलच्या संपादनाखाली लाइपसिक येथील ब्राइटकॉफ या प्रकाशनसंस्थेने १७८४ ते १७८७ या काळात चार भागांत काढला. ज्या मूळ कृती नष्ट झाल्या, त्यांतील अनेक कोराल अशा संग्रहांमुळेच वाचले. मात्र त्यात स्तोत्रांचे शब्द छापले नव्हते. एकोणिसाव्या शतकातील पाठ्यपुस्तकांनी स्वरमेळाचे नियम काटेकोर केले आणि कोराल मुख्यतः निःशब्द स्वाध्याय बनले.

बाखची रचना मात्र त्या नियमांत पूर्णतः बसत नाही. नी या स्वराने सा वर जावे, असा पाठ्यपुस्तकी नियम आहे; बाखच्या मधल्या आवाजांत विरामस्थानी नी पुष्कळदा प वर उतरतो, त्यामुळे अखेरचा स्वरसंघ भरीव होतो. शब्दांचा संबंध याहून महत्त्वाचा आहे. हान्स लेओ हास्लर याच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची चाल पुढे स्तोत्रास लाभली. बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशन (१७२७) मध्ये ती पाच वेळा येते. ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर ती अखेरची येते, तेव्हा चाल तीच असली, तरी खालचे आवाज अर्धस्वरांनी सरकतात व स्वरमेळ व्याकूळ होतो. तेथील शब्द गाणाऱ्याच्या स्वतःच्या अंतकाळाविषयी आहेत. ते वगळल्यास ही योजना केवळ अपवादात्मक भासते. काही आवृत्त्यांनी शब्द पुन्हा स्वरांखाली आणले आहेत. नियम कोरालमधून निघाले, कोराल नियमांतून नव्हे, हे ध्यानी ठेवून शब्दांसह गायिल्यास या रचनांचे शैक्षणिक मोलही वाढते.