जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर स्लिप होतोय? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना आमच्या २०११च्या सेडानचा आरपीएमचा काटा ४००० वर गेला. इंजिन ओरडायला लागलं, पण स्पीड काही ४० च्या पुढे सरकेना. गाडी ऑटोमॅटिक, सेकंड हँड घेतलेली. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय, खोलावा लागेल." खर्च ऐकून गाडी तिथेच सोडून यावंसं वाटलं. पण मी दोन दिवस मागून घेतले आणि कोडमधला बग शोधतो तसा शोधत बसलो.

सगळ्यात आधी तुमचा गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे ते बघा, कारण 'ऑटोमॅटिक' हे एकच नाव वेगवेगळ्या यंत्रांना चिकटलंय. २०१४ मध्ये सेलेरिओसोबत भारतात आलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. गिअर बदलताना मान थोडी पुढे जाणं हा तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही. ती स्लिप होत असेल तर पहिला संशय क्लच प्लेटवर. सीव्हीटीत पट्टा असतो आणि ठरावीक गिअर नसतातच. जुन्या सेडानमध्ये बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर सापडतो. त्याचं सगळं काम ऑइलच्या दाबावर चालतं, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे.

स्लिप म्हणजे नेमकं काय? आरपीएम वाढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. गाडी नुसती थरथरत असेल, ओढत नसेल आणि आरपीएमही वाढत नसेल तर दोष इंजिनचा असू शकतो. प्लग किंवा कॉइल खराब झाली तरी असंच वाटतं. इथे फोन कामाला येतो. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावा आणि ॲपमध्ये आरपीएम व वेगाचा ग्राफ एकत्र बघा. (ग्राफ शेजारी बसलेल्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही.) वरच्या गिअरमध्ये स्थिर वेगाने जाताना दोघांचं गुणोत्तर साधारण एकच राहायला हवं. गिअर न बदलता, हलकं ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम एकटाच उडी मारत असेल तर संशय पक्का. सीव्हीटीत मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे गुणोत्तर सतत बदलतच असतं.

कोडही वाचा. पी०७०० दिसला म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही. तो फक्त निरोप आहे: गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंदलंय, तिथे जाऊन विचारा. स्वस्त ॲप्स बऱ्याचदा तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यासाठी गॅरेजचा चांगला स्कॅनर लागतो. पी०७१५ किंवा पी०७२० आला तर स्पीड सेन्सर आणि त्याची वायरिंग आधी तपासायची. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, तिथे जरा काळजी करा. कोड डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या. लॉग पुसून बग सापडत नाही.

आता ऑइल. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघायचं असतं, काहींत बंद केल्यावर लगेच, म्हणून मॅन्युअल उघडाच. डिपस्टिकच नसेल तर गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. ऑइल लालसर असेल तर बरं. काळं आणि जळका वास असेल तर आतले क्लच घासलेत. एक गोष्ट कुणी सांगत नाही: हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय याचा अर्थ कुठूनतरी गळतंय. नुसतं टॉपअप करून सोडू नका. आणि सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलंत तर नवीन दुखणं विकत घ्याल.

धक्क्यांचं गणित वेगळं आहे. पी मधून डी किंवा आर टाकताना 'धप्प' आवाज येत असेल तर इंजिन माउंटिंग बघा; रबर फाटलं की दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. ६०-८० च्या वेगाला रंबलरवरून गेल्यासारखी थरथर होत असेल तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला डाव्या पायाने नुसता स्पर्श करा, अर्थात मागे कुणी नसताना. थरथर त्या क्षणी थांबली तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपवर. गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि बंद-चालू केल्यावर ठीक होते? मग वायरिंग, सोलेनॉइड, बॅटरीचा व्होल्टेज हे आधी.

व्हिडिओंमध्ये दाखवतात ती स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देणं, जुन्या गाडीवर घरी करू नका. काही सेकंदांत ऑइल भयंकर तापतं.

एवढं करूनही गिअरबॉक्स खरंच गेलेला निघू शकतो. ऑइल पॅन तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यातल्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणं नेहमीचं आहे, चकाकते धातूचे तुकडे नाही. तुकडे असतील तर ऑइल बदलून पैसे वाया घालवू नका.

आमच्या गाडीत तुकडे नव्हते. कूलरकडे जाणारा होज गळत होता, ऑइल बरंच कमी झालं होतं. होज आणि ऑइल बदललं, घाटात परत नेली, काटा शहाण्यासारखा राहिला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सकाळी थंड गाडीला अजून एक हलका धक्का बसतो. सोलेनॉइड असावा, दिवाळीनंतर बघू.