हळद, तारुण्यपीटिका आणि कृष्णाकाठ

१/ सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तरुणांच्या चेहऱ्यावरील मुरुमांसाठी दोन लेप सांगितले आहेत. पहिल्यात वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी आहे. दुसऱ्यात धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ आहे. या दोन्ही लेपांत हळद नाही. आज मुरुमांवरचा ‘परंपरागत उपाय’ म्हटले की सर्वांत आधी हळदच आठवते. मग ही ख्याती तिला कोठून मिळाली? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीशी निगडित आहे.

२/ आधी रोगाविषयी. प्राचीन वैद्यांनी त्याला ‘मुखदूषिका’ किंवा ‘यौवनपिडका’ म्हटले. मराठीत ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द रूढ झाला. सुश्रुताने त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आणि या पुटकुळ्यांना सावरीच्या झाडावरील काट्यांची उपमा दिली. सावरीचे खोड ज्याने पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही. कफ, वात आणि रक्त ही त्याची कारणे मानली गेली. हा रोग तारुण्यातच उद्भवतो, हे निरीक्षण नावातच नोंदलेले आहे.

३/ पुढे शार्ङ्गधरसंहितेतही तारुण्यपीटिकांसाठी लोध्र, धने आणि वेखंड यांचाच लेप येतो. म्हणजे सुश्रुतापासून मध्ययुगापर्यंत हे त्रिकूट टिकून राहिले. यातील धने स्वयंपाकघरात आणि वेखंड बाळंतिणीच्या खोलीत आजही सापडते. लोध्र मात्र केवळ काष्ठौषधांच्या दुकानापुरते उरले आहे.

४/ याचा अर्थ जुन्या वैद्यकाला हळदीचे महत्त्व ठाऊक नव्हते असा नाही. चरकाने औषधींचे गण सांगितले आहेत. त्यांपैकी त्वचारोगांवरील ‘कुष्ठघ्न’ गणात हळद आहे. वर्ण उजळणाऱ्या ‘वर्ण्य’ गणात मात्र ती नाही. तेथे चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा अशी मंडळी आहेत. हळद त्वचेचे औषध होती, पण चेहरा उजळवणे हे तिचे मुख्य काम मानले गेले नव्हते.

५/ मग ती चेहऱ्यावर आली कोणत्या वाटेने? पहिली वाट मंगलकार्याची. लग्नाआधी वधूवरांना हळद लावतात ती शुभ म्हणून; तिथे रोगाचा संबंध नसतो. साताऱ्याच्या कऱ्हाड तालुक्यातील पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसेचा विवाहसोहळा होतो. त्या वेळी भंडारा उधळला जातो आणि हजारो भाविकांचे चेहरे पिवळे होतात. या पिवळेपणाचा अर्थ धार्मिक आहे. पण पिढ्यानपिढ्या जी वस्तू चेहऱ्यावर शुभ मानली गेली, ती चेहऱ्याला हितकारकही असणारच, अशी समजूत हळूहळू दृढ होत गेली असावी.

६/ दुसरी वाट उटण्याची. दिवाळीत आधी अंगाला तेल लावले जाते आणि मग उटणे. त्यात डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वेखंड, वाळा, गुलाबपाकळी असे जिन्नस येतात. या क्रमातच उटण्याचे काम स्पष्ट होते: अंगावर चोळलेले तेल आणि मळ शोषून काढणे. साबण घरोघरी पोहोचण्यापूर्वी पीठ हेच शरीर स्वच्छ करण्याचे साधन होते. त्वचेचा तेलकटपणा घालवण्याची गरज जुनी आहे आणि तिच्यासाठीचे साधनही.

७/ तिसरी वाट बाजाराची. तिच्यासाठी कृष्णेच्या खोऱ्यात यावे लागते. स्वातंत्र्यापूर्वीच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगलीसारखी संस्थाने मिळून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव ‘सांगली’ ठेवले गेले. वाई, कऱ्हाडपासून खाली मिरजेपर्यंत नदीकाठची काळी जमीन हळदीला मानवते. पीक आठ-नऊ महिने शेतात असते. काढणीनंतर कंद शिजवतात, वाळवतात, चोळून चकचकीत करतात आणि मग हळकुंडे बाजारात येतात.

८/ सांगलीचे वेगळेपण साठवणीत होते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीत पेवे खणलेली असत: तोंड अरुंद, आत रुंद होत जाणारी. तिथल्या मातीत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे कीड न लागता टिके. भाव पडला की माल पेवात ठेवता येई, भाव चढला की बाहेर काढता येई. साठवण करता येते म्हणून व्यापारी आले आणि व्यापारी आले म्हणून सौदे वाढले. सांगली देशातील हळदीची एक प्रमुख बाजारपेठ झाली, त्यामागे या पेवांचा मोठा वाटा होता. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, प्रचंड नुकसान झाले आणि ही पद्धत बहुतांशी मोडली. आज तिची जागा गोदामांनी आणि शीतगृहांनी घेतली आहे.

९/ बाजारात विपुल असलेल्या वस्तूला नवे उपयोग मिळत जातात. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीने १९७५ मध्ये हळदीची क्रीम बाजारात आणली. लग्नघरात लागणारी हळद आता ट्यूबमध्ये, रोज वापरता येईल अशी मिळू लागली. त्या काळी बाजारात स्नो आणि पावडर यांचे राज्य होते. त्यांच्याशी स्पर्धा करताना जाहिरातींनी ही वस्तू ‘प्रसाधन’ नसून आयुर्वेदिक औषध आहे, हे पुनःपुन्हा ठासून सांगितले.

१०/ प्रसाधन की औषध, या प्रश्नाला करविषयक बाजूही होती. प्रसाधनांवर अबकारी कर जास्त, आयुर्वेदिक औषधांवर कमी. सरकारी विभागाचे म्हणणे होते की ही क्रीम प्रसाधन आहे. कंपनीचे म्हणणे होते की ती औषध आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. या निकालाची व्याप्ती मात्र नीट पाहिली पाहिजे. वस्तू कोणत्या करवर्गात मोडते, हे न्यायालयाला ठरवायचे होते. तिने मुरुम किती जणांचे आणि किती प्रमाणात बरे होतात, हा त्या खटल्याचा विषय नव्हता.

११/ पुढचा सामना अमेरिकेत झाला. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि ‘इंडियन मेडिकल असोसिएशन’च्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले.

१२/ हा विजय मोठा होता आणि त्याचे पडसाद दूरवर उमटले. पारंपरिक ज्ञानाची संगणकीय नोंद करण्याच्या प्रकल्पाला त्यातून चालना मिळाली. परंतु येथेही सिद्ध काय झाले ते तपासावे. हा उपयोग नवा नाही, भारतात तो आधीपासून ज्ञात होता, एवढेच सिद्ध झाले. ज्ञात असणे आणि परिणामकारक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय ते पेटंट जखमांबाबतचे होते, मुरुमांबाबतचे नव्हते.

१३/ तिसरा शिक्का २०१८ चा. ‘सांगली हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या प्रदेशातील माल या नावाने विकला जाऊ नये, हा त्याचा हेतू. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे मोल निर्विवाद आहे. पण हे मानांकन ‘ही हळद कोठली’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘ती चेहऱ्यावर काय करते’ या प्रश्नाचे नाही.

१४/ तीन शिक्के, तीन प्रश्न: कर कोणता, उपयोग नवा की जुना, माल कोठला. तिन्ही ठिकाणी हळद जिंकली. लोकमानसात या तिन्ही विजयांची बेरीज होऊन ‘हळद मुरुमांवर सिद्ध औषध आहे’ असा निष्कर्ष निघाला. तो कोणत्याही निकालात लिहिलेला नाही.

१५/ मग विज्ञान काय म्हणते? हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो, त्याचे प्रमाण हळदीत साधारण २ ते ५ टक्के असते. प्रयोगशाळेत ते दाहशामक दिसते. मात्र ते अस्थिर आहे आणि शरीरात नीट शोषले जात नाही. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त कर्क्युमिनवरील संशोधनाचा विस्तृत आढावा आला. मानवी चाचण्यांतून त्याच्या औषधी यशाचा ठोस पुरावा मिळालेला नाही, हे त्याने दाखवून दिले.

१६/ मुरुमांचे आजचे आकलन असे आहे: वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचतात, आत जिवाणू वाढतात, दाह होतो. म्हणून मुरुम हा अस्वच्छतेचा रोग नाही. चेहरा कितीही घासला तरी रंध्राच्या आतला अडथळा निघत नाही. उलट जाडसर पीठ जोरात चोळल्याने सुजलेली पुटकुळी फुटते आणि डाग मागे राहतो.

१७/ त्यामुळे तेलकट, मुरुमप्रवण त्वचेसाठी सांगितला जाणारा नित्यक्रम साधा आहे. दिवसातून दोनदा सौम्य द्रव्याने, न घासता चेहरा धुणे. रंध्रे न बुजवणारे हलके मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेलाही ते लागते. सकाळी सनस्क्रीन. औषध म्हणून सॅलिसिलिक ॲसिड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्के प्रमाणही पुष्कळदा पुरेसे ठरते आणि जळजळ कमी होते. मात्र त्याने उशीचे अभ्रे आणि टॉवेल विटतात. रात्री लावायची ॲडापेलीनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने; गरोदरपणात ती टाळतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

१८/ हा धीर सुटला की धोका सुरू होतो. लवकर गोरे आणि नितळ होण्यासाठी अनेक तरुण औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलमे आणतात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो; पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, केस उगवतात आणि मुरुम दुप्पट जोमाने परततात. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीविना विक्रीस बंदी घातली. ज्या वर्षी सांगलीच्या हळदीला मानांकन मिळाले, त्याच वर्षीचा हा निर्णय आहे.

१९/ हळद निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला तिने उभे केले, हरिपूरच्या पेवांनी व्यापार घडवला आणि पालच्या यात्रेत तिचा मान अढळ आहे. एवढे वैभव असताना तिच्यावर आणखी एका रोगाचे ओझे टाकण्याची गरज नाही. परंपरेचा आदर करायचा, तर तिच्यात नेमके काय लिहिले आहे ते आधी वाचले पाहिजे. सुश्रुताने तारुण्यपीटिकांसाठी हळद लिहिली नाही. त्याने रोगाचे वय ओळखले, रूप टिपले आणि त्याला साजेशी द्रव्ये निवडली. निरीक्षणाची ही पद्धत हाच त्या ग्रंथाचा खरा वारसा आहे.