शनिवारची कादंबरी

पन्नाशी उलटल्यावर मी बाहेरून एम.ए.ला नाव घातले. विषय इंग्रजी. त्यात 'व्हिक्टोरियन साहित्य' असा एक पेपर होता: टेनिसन, ब्राउनिंग, आर्नल्ड, डिकन्स, जॉर्ज एलियट, हार्डी. हद्द १८३७ ते १९०१, म्हणजे राणीच्या राज्यारोहणापासून मृत्यूपर्यंत. वाङ्मयाची हद्द एका राणीच्या आयुष्याने का ठरावी, एवढाच माझा मूळ प्रश्न होता. तो शोधताना हाती आले ते वेगळेच.

राणीच्या हयातीत इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्यालाच फारसे स्थान नव्हते. ऑक्सफर्डने त्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम मंजूर केला १८९३ साली. केंब्रिजने १९१७ साली. मुंबई विद्यापीठ मात्र १८५७चे. रानडे-भांडारकरांची पहिली तुकडी १८६२ साली बी.ए. झाली, ती इंग्रजीची परीक्षा देऊनच. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्यही कवी वर्डस्वर्थचा नातू होता. पण या अभ्यासाचा कणा होता शेक्सपिअर, मिल्टन, बेकन. डिकन्स तेव्हा जिवंत होता, आणि जिवंत माणसाची कादंबरी हा परीक्षेचा विषय कसा असेल?

ऑक्सफर्डला तर तो मेल्यावरही नको होता. १९३१ साली टॉल्किन आणि सी. एस. लुईस यांच्या पुढाकाराने तिथला अभ्यासक्रम बदलला आणि १८३०पाशी थांबवला गेला. पुढचे सारे शतक ऐच्छिक कोपऱ्यात! केंब्रिजच्या लीव्हिसने १९४८ साली थोर कादंबरीकारांची परंपरा आखली, तेव्हा डिकन्सच्या एवढ्या पसाऱ्यातून एक 'हार्ड टाइम्स' तेवढी आत घेतली. १९७०मध्ये त्याने मत बदलून डिकन्सवर अख्खे पुस्तक लिहिले. मला तो त्यामुळेच आवडतो.

मग आपल्याकडे ही कादंबरी पोहोचली कशी? वर्गाबाहेरून. आणि एकटा डिकन्स नव्हे, त्याच्याआधी रेनॉल्ड्स. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सची 'द मिस्टरीज ऑफ लंडन' १८४४पासून दर आठवड्याला एका पेनीला विकली जाई. खून, वारसाहक्क, गरिबांची वस्ती, सरदारांची लफडी. माणूस चार्टिस्ट चळवळीतला. डिकन्सच्या पिकविकला परस्पर फ्रान्सला नेऊन त्यावर स्वतःची कादंबरी लिहिणारा. माझ्या पेपरात त्याचे नाव नाही. पण हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच आधाराने उभी आहे. हरिभाऊंनी पदवी न घेताच कॉलेज सोडले होते.

त्यांनी रेनॉल्ड्सकडून काय घेतले, यावर आपल्याकडे कथानकांची तुलना पुष्कळ झाली. मला महत्त्वाचा वाटतो तो हप्ता. 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० साली निघाले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः आली. यमूचे दुःख वाचकाने आठवड्याआठवड्याने सोसले. मध्ये सात दिवस तिचे पुढे काय होणार, हा घोर. व्हिक्टोरियन कादंबरीची ही खरी चाल हरिभाऊंनी कोणत्याही प्राध्यापकाच्या आधी ओळखली होती. आमच्या टिपणांत मात्र डिकन्सची रचना 'सैल' असल्याचा शेरा होता. सहाशे पानांचा बांधीव ठोकळा चार रात्रींत संपवला, तर ती सैल वाटणारच.

परीक्षा झाल्यावर मी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' पुन्हा काढली. ती १ डिसेंबर १८६०पासून डिकन्सच्याच साप्ताहिकात छत्तीस हप्त्यांत आली होती, दर शनिवारी. कुठला हप्ता कुठे तुटतो, त्याच्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि शनिवारी एकच हप्ता वाचायचा, असे ठरवले. तेवीस आठवडे नेम पाळला. चोविसाव्या हप्त्यात वादळी रात्री एक म्हातारा जिना चढून पिपच्या खोलीत येतो, आणि ज्या पैशावर हा पोरगा साहेब झाला, तो कुणाचा होता हे उघड होते. तिथे हप्ता संपतो. १८६१च्या मे महिन्यात लंडनचे वाचक इथून पुढचे सात दिवस थांबले होते.

मी रविवारी सकाळीच पान उलटले.