न विचारता उपसलेल्या उपकरणाची कुळकथा

परळीतलं कुठलंही झेरॉक्सचं दुकान घ्या. फॉर्मची प्रिंट हातात पडते न पडते तोच गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह उपसून चालू लागतं, आणि संगणक हूं की चूं करत नाही. हा समंजसपणा त्याच्या अंगी उपजत नव्हता.

१९८४च्या मॅकिंटॉशने प्रश्नच उद्भवू दिला नाही. त्याला फ्लॉपी काढायचं बटणच नव्हतं. पडद्यावर सांगायचं, मग मोटर ती बाहेर ढकलायची. डॉसच्या पीसीतून मात्र फ्लॉपी केव्हाही ओढता यायची. मग पडद्यावर ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल?’ असा सवाल. म्हणजे निस्तरा तुम्हीच!

खरी पंचाईत केली लॅपटॉपच्या खाचेत बसणाऱ्या पीसी कार्डांनी. फ्लॉपी गेली तरी तिचा ड्राइव्ह जागेवर असायचा. इथे अख्खं उपकरणच नाहीसं. ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम, बोलतच राहायचा. त्यातून पीसीआय जातीच्या जोडणीवर एक गंमत आहे. नसलेल्या उपकरणाचं रजिस्टर, म्हणजे त्याची स्थिती सांगणारा रकाना, वाचलं तरी बहुधा उत्तर येतंच, फक्त सगळे बिट १. त्यात ‘मी कामात आहे’ सांगणारा बिटही १. भाबडा ड्रायव्हर तो ० व्हायची वाट पाहत बसतो, आणि संगणक गोठतो.

१९९६ साली यूएसबी आलं. त्याच्या प्लगमधल्या वीजपुरवठ्याच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा लांब ठेवल्या, म्हणजे ओढताना आधी बोलणं तुटतं, मग वीज. चालू यंत्रातून उपकरण ओढलं जाणार, हे तिथे गृहीतच होतं. सॉफ्टवेअर मागे होतं. विंडोज ९८ परवानगीने काढलेलं आणि हिसकलेलं, दोन्हींसाठी ड्रायव्हरला ‘काढलं’ असा एकच निरोप द्यायचं.

विंडोज २०००ने हे वेगळं केलं. रीतसर काढताना ड्रायव्हरला आधी विचारतात आणि तो नकार देऊ शकतो. अचानक काढल्याचा निरोप, ‘सरप्राइज रिमूव्हल’, नाकारायची सोय नाही. तो मिळताच हार्डवेअरला हात लावायचा नाही, अडकलेली कामं अपयशी म्हणून परत करायची. पण स्मृतीतली नोंद लगेच पुसायची नाही. त्या उपकरणाची फाईल धरून बसलेला शेवटचा प्रोग्राम ती सोडेल, तेव्हाच अंतिम निरोप येतो आणि आवरासावर होते. माझ्या मते या कुळातली सर्वांत शहाणी कल्पना हीच: वस्तू जाणं आणि तिचा हिशेब मिटणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

परळीकरांना हे नवं वाटू नये. इथल्या औष्णिक वीजकेंद्राचा, म्हणजे थर्मलचा, २५० मेगावॉटचा संच ट्रिप होतो तेव्हा ग्रिड परवानगी मागत नाही. भार सुटलेलं टर्बाईन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर धावू लागतं, आणि वाफ तत्क्षणी तोडावी लागते. बाकी चौकशी नंतर.

२०००च्या अखेरीस आयबीएमने ८ एमबीचा ‘डिस्क-ऑन-की’ हा पेन ड्राइव्ह विकायला काढला आणि उपसणं घरोघरी पोचलं. २०१८ साली विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ मांडणी केली: लिहायचा मजकूर साठवून न ठेवता लवकर ड्राइव्हवर उतरवायचा. पण कॉपी चालू असताना ओढलेली फाईल कुठलाही ड्रायव्हर पुरी करून देत नाही. प्रिंट काढून पळताना हरकत नाही. फाईल भरून नेत असाल तर तेवढी पडद्यावरची कॉपीची पट्टी पुरी होऊ द्या.