इंकांचं सरकार मातीच्या भांड्यांवर कसं चालायचं?

नाणी नाहीत, लिपी नाही, चाकाची गाडी नाही. तरीही १५व्या शतकात इंकांनी आजच्या इक्वेडोरपासून चिली-अर्जेंटिनापर्यंत साम्राज्य पसरवलं. मग रस्ते आणि किल्ले बांधणाऱ्या लोकांना मोबदला काय मिळायचा? तर जेवण आणि चिचा, म्हणजे मका आंबवून केलेली बिअर. गावांनी आळीपाळीने राज्यासाठी राबायचं, याला मिता म्हणत. आणि राबणाऱ्यांना खाऊपिऊ घालायची जबाबदारी राज्याची. त्यामुळे इंकांची भांडी नुसती शोभेची वस्तू म्हणून बघितली तर अर्धी गोष्ट सुटते.

यातलं सगळ्यात ओळखीचं भांडं म्हणजे उर्पू. पुढे एका ग्रीक कुपीवरून त्याला आरिबालो असंही नाव पडलं. लांब मान, फुगीर पोट आणि टोकदार बूड. हे उभं कसं राहणार, असं वाटतं, पण मऊ जमिनीत ते टोक रुतवलं की झालं. दोन कान बरेच खाली, आणि पुढच्या बाजूला प्राण्याच्या तोंडासारखी एक खुंटी. कानांतून दोर ओवायचा, खुंटीवरून घ्यायचा आणि भांडं पाठीवर बांधायचं. काही उर्पू मीटरभराहूनही उंच आहेत, ते मात्र भरल्यावर कोणी पाठीवर घेत नसणार!

ताटल्या उथळ, कडेला पक्ष्याच्या डोक्याची मूठ. त्या बऱ्याचदा जोडीने बनवल्या जात. पिण्याचे पेलेही जोडीनेच, कारण एक पाहुण्याला द्यायचा आणि दुसऱ्यातून स्वतः प्यायचं, अशी रीत होती.

अँडीजमध्ये कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं घडवायचे. इंकांच्या कित्येक शतकं आधी मोचे कुंभार हुबेहूब माणसांचे चेहरे भांड्यांवर उठवत होते. इंकांनी त्याऐवजी त्रिकोण, चौकटी आणि नेच्याच्या पानांसारखी नक्षी निवडली. कुस्कोपासून शेकडो किलोमीटर दूरही तीच घडण, तीच नक्षी सापडते. म्हणजे चिचा कोण पाजतंय, हे भांडं बघूनच कळायचं.

हायरम बिंगहॅम यांनी १९१२ मध्ये माचू पिचूत उत्खनन केलं. तिथली भांडी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गेली. पेरूने ती परत मागितली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११-१२ मध्ये ती पेरूत परतली. आता ती कुस्कोच्या कासा कोंचा संग्रहालयात बघता येतात.