पाळीचे पाणी आणि संगणकाची स्मृती

दौंड तालुक्यातील खुटबावच्या शेतकऱ्यास पाण्याची पाळी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कालवा एक, शेते अनेक. म्हणून पाणी क्रमाक्रमाने द्यावयाचे. संगणकाची रीतही बहुतांशी हीच आहे. प्रक्रियक एका क्षणी साधारणतः एकच काम हाती घेतो; परंतु पाळी इतक्या वेगाने फिरते की, सर्व कामे एकदमच चालली आहेत असा भास व्हावा. कामाच्या अशा प्रत्येक ओघास ‘थ्रेड’, म्हणजे धागा, म्हणतात. पाळी संपलेल्या धाग्यास आपला अर्धवट हिशेब कोठे तरी मांडून ठेवावा लागतो. त्याकरिता स्मृतीत जागा राखावी लागते. ही जागा हीच धाग्याची मोठी किंमत होय.

ती किंमत किती कमी करता येते, ह्याचे एक उदाहरण पुण्यातच पाहावयास मिळाले. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, स्थापन झाले. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा तो येथेच बांधावयाचा, असा हा संकल्प होता. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एका अवाढव्य यंत्राऐवजी त्यात अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडले होते. ते इंग्लंडातील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्यूटर होत.

ह्या ट्रान्सप्यूटरच्या चिपवर स्मृती अवघी ४ किलोबाइट. तथापि अनेक कामे एकत्र चालविण्याकरिताच त्याची घडण झाली होती. पाळी लावण्याचे काम प्रक्रियक स्वतःच करी. आणि पाळी बहुधा अशाच ठिकाणी बदले, जेथे सांभाळावयाचा अर्धवट हिशेब उरलेला नसे. मग पुढील आज्ञेचा पत्ता टिपून ठेवला की काम भागे. डेव्हिड मे ह्यांनी त्यासाठी रचलेल्या ‘ऑकम’ भाषेत कोणत्याही कृतीस स्वतःलाच पुन्हा हाक मारण्याची मुभा नव्हती. त्यामुळे कोणत्या कामास किती जागा लागेल, हे आज्ञावली चालू होण्यापूर्वीच ठरविता येई.

पुढे ट्रान्सप्यूटर मागे पडला व सी-डॅकची नंतरची यंत्रे इतर प्रक्रियकांवर उभी राहिली. सर्वसाधारण यंत्रांत अशी आगाऊ माहिती नसते. म्हणून लिनक्समध्ये प्रत्येक धाग्यास सामान्यतः ८ मेगाबाइट पत्त्यांची जागा राखली जाते. प्रत्यक्ष स्मृती वापरापुरतीच खर्च होते, हे खरे. परंतु ३२ बिटांच्या यंत्रात एकूण पत्तेच ४ गिगाबाइटांचे, म्हणजे अशा ५१२ धाग्यांतच ते संपावयाचे. १९९९ मध्ये डॅन केगेल ह्यांनी एका यंत्राने १०,००० ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न मांडला, तेव्हा ग्राहकागणिक एक धागा ही चैन परवडणारी नव्हती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इगोर सिसोयेव्ह ह्यांच्या ‘एन्जिनएक्स’ने मोजक्याच प्रक्रियांकडून हजारो ग्राहकांची पाळी चालवून दाखविली. स्मृती वाचली खरी. पण ह्या पद्धतीत एका ग्राहकाच्या कामाची सलग हकीकत तुकड्यातुकड्यांनी लिहावी लागते. यंत्राच्या डोक्यावरचा भार माणसाच्या डोक्यावर आला.

२००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेने मधला मार्ग धरला. २०१४ पासून तिचा हलका धागा अवघ्या २ किलोबाइटांच्या राशीवर सुरू होऊ लागला. गरज पडेल तशी ही राशी वाढते. १०,००० धाग्यांस आरंभी सुमारे २० मेगाबाइट पुरतात. २०२३ मध्ये जावा भाषेच्या २१ व्या आवृत्तीनेही हलके धागे कायमचे स्वीकारले.

स्मृती स्वस्त झाली, म्हणून काटकसर कालबाह्य झाली, असे मात्र नव्हे. वाजवीपेक्षा अधिक राखून ठेवलेली जागा ही बहुधा अज्ञानाची किंमत असते. गरज आधी कळत असेल, तर ४ किलोबाइटांतही अनेक कामे सुखाने नांदतात. ती कळत नसेल, तेथे थोडक्यात आरंभ करून मागाहून वाढविण्याची सोय ठेवणे, हेच शहाणपणाचे.